पाठवणारा राजा

पॅरामॅटाच्या त्या घराबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, बोललोही फारसा नाही. बायको कधी विचारते, तुम्ही तिथे किती जण होतात, काय खायचात, तर मी "होतो आपले तिघे" एवढ्यावर विषय सोडतो. ती समजते की हालाचे दिवस होते म्हणून मला आठवायला आवडत नाही. हाल फारसे नव्हते. रेल्वेलाइनच्या मागे लाल विटांची जुनी इमारत होती, तिच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. ट्रेन गेली की मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. छतावरचा स्मोक अलार्म एवढा हळवा होता की तेलात मोहरी पडली तरी बोंबलायचा, म्हणून माझ्या रूममेटने, नाशिकच्या नितीनने, त्याला एक प्लास्टिकची शॉवर कॅप घातली होती. घरमालकाचा एजंट इन्स्पेक्शनला यायचा तेवढ्यापुरती काढायची, तो गेला की पुन्हा घालायची. रोज रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या, वरणभात, कोबीची नाहीतर बटाट्याची भाजी, आणि महिनाअखेर जवळ आली की अंड्याची बुर्जी आणि ब्रेड. आज स्कोफिल्ड्सच्या चार बेडरूमच्या घरात आमच्याकडे कुकर आवाजसुद्धा न करणारा आहे. तरी कधीतरी ती बारीक किणकिण कानात वाजते.

त्या घरात मी सगळ्यात जुना. भाडेकरार माझ्या नावावर, म्हणून कामांची यादीही मीच करायचो. दर सोमवारी फ्रिजवर कागद लागायचा: कचऱ्याचे डबे कोणी बाहेर न्यायचे, बाथरूम कोणी घासायचं, एजंटला फोन कोणी करायचा. माझ्या नावापुढे फार काही नसायचं. नितीन पेट्रोल पंपावर शिफ्ट करायचा, तो शूज काढता काढता यादी मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "राजे, आज्ञा प्रमाण. संडास घासतो. पण राजे स्वतः कधी घासणार, ते एकदा फर्मान काढून कळवा." आम्ही हसायचो. मला ते राजेपण आवडायचं, हे कबूल करायला हवं. कारण बाकी कुठेच मी काही नव्हतो. सांगलीहून बारावीनंतर इकडे परदेशात शिकायला आलो होतो, तिसरं वर्ष चालू होतं, आणि पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये मी दोनदा नापास झालो होतो. दुसऱ्याही दोन विषयांत. 'तुम्हाला काढून का टाकू नये, याचं कारण लिहून द्या' अशा अर्थाचं युनिव्हर्सिटीचं पत्र माझ्या गादीखाली होतं. कारण पटलं नाही तर अॅडमिशन जाणार, अॅडमिशन गेली की व्हिसा. घरी बाबांना मी दर रविवारी सांगत होतो, छान चाललंय.

अशात जुलैमध्ये अनिकेत आला. बाबांच्या बँकेतले मित्र देशपांडेकाका, त्यांचा मुलगा. अठरा वर्षांचा, उंच, बोलताना समोरच्याच्या खांद्याला हात लावणारा. येताना त्याने आईने दिलेलं भडंग आणि बाबांची चिठ्ठी आणली होती. बाबांचं अक्षर बँकेतल्या माणसासारखं, सुटं सुटं: "अनिकेत तुझ्या भरवशावर येत आहे. त्याला सांभाळून घे." ती चिठ्ठी मी वाचली, घडी घातली आणि त्या दुसऱ्या पत्रासोबत गादीखाली ठेवली. वेगळी ठेवायला जागा नव्हती असं नाही.

त्या सेमिस्टरला मला बाहेरच्या फॅकल्टीचा एक विषय घेणं भाग होतं. माझ्या शिफ्टच्या वेळांत बसणारा एकच होता, ग्रीक पुराणकथा. शिकवायला एलेनी नावाच्या बाई होत्या, साठीच्या, अंगाने भरलेल्या, हातात कायम चहाचा थर्मास. त्यांना नावानेच हाक मारायची, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी हाकच मारली नाही. त्यांनी आख्खा महिना त्या राजांवर घालवला जे वीरांना जीवघेण्या कामगिरीवर पाठवतात. पेलियास नावाचा राजा, त्याला भाकीत झालेलं असतं की एकाच पायात चप्पल असलेला माणूस तुझा घात करील. तसा तरुण दारात उभा राहतो, त्याच्या सावत्र भावाचा मुलगा. राजा हसून त्याचं स्वागत करतो आणि म्हणतो, जगाच्या टोकाहून सोन्याची लोकर आण. दुसरा युरिस्थियस. तो आपल्या नात्यातल्या बलाढ्य भावाला एकामागून एक कामं सांगतो, सिंह मार, सर्प मार, पाताळातला कुत्रा आण, आणि तो प्रत्येक वेळी जिवंत परत येतो म्हणून राजा स्वतः घाबरून जमिनीत पुरलेल्या पितळी रांजणात लपतो. वर्गात सगळे हसले. मी नाही हसलो.

"तो त्याला सरळ मारून का टाकत नाही?" बाईंनी विचारलं होतं. कोणी म्हणालं, हिंमत नाही म्हणून. कोणी म्हणालं, नातेवाईक आहे म्हणून. बाई थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या की दोन्ही बरोबर, पण मुख्य गोष्ट अशी की राजाला हात स्वच्छ हवे असतात. मारायचं समुद्राने, मारायचं राक्षसाने. राजाने फक्त बोट दाखवायचं.

अनिकेतला मी आल्या आठवड्यापासून कामं सांगायला लागलो. बाथरूममध्ये तळहाताएवढा कोळी आला, इथे त्याला हंट्समन म्हणतात, नितीन आणि मी सोफ्यावर उभे. मी म्हटलं, "अनिकेत, जा रे." त्याने डबा उपडा टाकून, खाली यादीचाच कागद सरकवून तो बाहेर नेऊन सोडला आणि परत येऊन म्हणाला, "बिचारा थरथरत होता." खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा कुत्रा कोणाला जिन्यात येऊ द्यायचा नाही, मी त्याला डबे घेऊन पाठवलं. आठ दिवसांत कुत्रा त्याच्यामागे डब्यांपर्यंत जायला लागला. एजंट भाडं वाढवणार होता, मी म्हटलं, तू जाऊन बोल. तो गेला, तासाभराने आला, भाडं तेवढंच आणि शिवाय गळका नळ दुरुस्त होणार. नितीन म्हणाला, "राजे, गादी सांभाळा." चेष्टाच होती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

खरी भीती पुढेच होती. प्रोग्रॅमिंगच्या ट्यूटोरियलला मी तिसऱ्यांदा बसलो, आणि दार उघडून अनिकेत आत आला. माझ्या शेजारी बसत आनंदाने म्हणाला, "दादा, तू इथे ट्यूटर आहेस?" मी म्हटलं, "हो, तसंच." पाच मिनिटांत खऱ्या ट्यूटरने हजेरी घेतली. अनिकेतचं नाव आधी आलं, मग माझं.  संध्याकाळी मी भांडी घासत होतो, तो फडक्याने पुसत होता, तेव्हा हळूच म्हणाला, "काकांना माहीत नाही ना?"

"नाही."

"मी नाही सांगणार." आणि दोन ताटं पुसून झाल्यावर, "पण तू सांग ना दादा. काका रागावतील असं मला नाही वाटत. ते उलट..."

"ती कढई नीट पूस. तेल राहतं कडेला."

त्यानंतरचा प्रत्येक रविवार मी भीतीत काढला. संध्याकाळी घरून फोन यायचा आणि बाबा म्हणायचे, दे जरा अनिकेतला. तो फोन घेऊन खिडकीशी जायचा, "नमस्कार काका" म्हणायचा, आणि मी चालू नळ बंद करायचो, ऐकू यावं म्हणून. तो कृष्णेच्या पाण्याबद्दल विचारायचा, बाबांच्या गुडघ्यांबद्दल विचारायचा. माझ्याबद्दल एकदाही एक शब्द बोलला नाही. माझी भीती त्याने कमी व्हायला हवी होती. ती वाढत गेली. ज्याने अजून सांगितलेलं नाही तो कधीही सांगू शकतो, एवढंच मला दिसत होतं. आणि मग गणपतीच्या आधीच्या रविवारी बाबा मला म्हणाले, "अनिकेत म्हणत होता, प्रसाददादाला तुमच्याशी काही बोलायचंय. काय रे?"

"काही नाही बाबा. उद्या टेस्ट आहे. पुढच्या रविवारी बोलू."

फोन ठेवला तेव्हा अनिकेत माझ्याकडे बघून कसनुसं हसला. त्याला वाटत होतं, त्याने माझ्यासाठी दार किलकिलं करून दिलं.

गणपती बुधवारी बसला. मूर्ती अनिकेतनेच केली होती, आर्टच्या दुकानातून माती आणून, वीतभर उंचीची. सोंडेचं वळण इतकं गोड की नितीन शिफ्टवरून येऊन बूट न काढताच हात जोडून उभा राहिला. आरतीला थाळी चमच्याने वाजवायचो. शॉवर कॅप घातलेल्या अलार्मखाली कापूर पेटवायचा धीर होत नव्हता, तर अनिकेत खिडकीबाहेर हात काढून आरती ओवाळायचा. मोदक जमले नाहीत, शिरा केला. पाचव्या दिवशी, रविवारी विसर्जन. इथे बहुतेक मराठी घरांत ते बादलीत होतं. मूर्ती विरघळली की ते पाणी झाडाला. नितीननेही बादली घासून ठेवली होती. शनिवारी जेवताना मी म्हटलं, "बादलीत नको."

"मग कुठे, राजे? टबमध्ये?" नितीन म्हणाला.

"समुद्र आहे ना. मी काम करतो त्या बीचवर. इतकी सुंदर मूर्ती, आणि बादलीत बुडवायची? सांगलीत असतास तर बादली घेतली असतीस का रे अनिकेत?"

"नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "आमच्याकडे मीच न्यायचो नदीत. पुरात पुलावरून उड्या मारल्यात दादा मी."

"मग झालं तर."

"माझी उद्या शिफ्ट आहे," नितीन म्हणाला. "आणि पाणी बर्फासारखं असेल. सप्टेंबर आहे. बघा बुवा."

इथे थांबून एक गोष्ट लिहितो, जी मी कोणाला सांगितली नव्हती. दर शनिवारी मी त्या बीचवरच्या एका कॅफेत भांडी धुवायचो. तिथला कुक ग्लेन उन्हाळ्यात लाइफसेव्हर म्हणून किनाऱ्यावर उभा राहायचा. मागच्या दाराशी सिगारेट ओढता ओढता त्याने मला एकदा पाणी वाचायला शिकवलं होतं. म्हणाला, "मेट, जिथे लाटा फुटतात तिथे पाणी किनाऱ्याकडे येतं. मध्येच एखादी गप्प, गडद पट्टी दिसते ना, लाटाच नाहीत अशी, तिथून ते परत आत जातं. ती रिप. टुरिस्ट बरोब्बर तिथेच उतरतात, शांत दिसतं म्हणून. आणि कोणी आत गेलेला हात वर करत असेल तर तो मदत मागतोय." नदीच्या माणसाला हे कळणं शक्यच नाही. नदीत संथ पाणी म्हणजे घाट, म्हणजे बायका कपडे धुतात ती जागा. त्याच आठवड्यात, मंगळवारी, बाईंनी तिसऱ्या राजाची गोष्ट सांगितली होती. त्याच्याकडे एक तरुण मोहोरबंद पत्र घेऊन येतो. राजा त्याला नऊ दिवस जेवू घालतो आणि दहाव्या दिवशी पत्र उघडतो. आत लिहिलेलं असतं, हे आणणाऱ्याला संपव. पण आपल्या ताटात जेवलेल्याला मारणं पाप, म्हणून राजा त्याला आग ओकणाऱ्या राक्षसावर पाठवतो. मी वहीत लिहून घेतलं होतं. माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीत नेमकं उलटं लिहिलेलं होतं, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

दोन ट्रेन आणि एक बस. मूर्ती टॉवेलात गुंडाळून अनिकेतच्या मांडीवर. बीचवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन झाले असतील. ऊन होतं, पण वारा बोचरा. सीझन सुरू व्हायचा होता, सुरक्षित पोहायची जागा दाखवणारे लाल-पिवळे झेंडे नव्हते, लाइफसेव्हर नव्हते. लोकांनी बघू नये म्हणून आपण लांब जाऊ, असं मी म्हटलं, आणि त्यालाही ते पटलं. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, कोणी हटकेल अशी भीती आम्हा सगळ्यांनाच असायची. खडकांच्या टोकाशी आलो. त्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग विचार बदलून काढूनच ठेवली, आत पोहायची चड्डी होती. छोटी आरती म्हटली. मूर्ती दोन्ही हातांत घेऊन त्याने समुद्राकडे पाहिलं आणि मला विचारलं, "दादा, कुठून उतरू?"

समोर डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या. मध्ये ती पट्टी होती, हिरवट काळी, गप्प.

मी बोट दाखवलं. "तिथून. तिथे लाटा नाहीत."

तो कमरेइतक्या पाण्यात गेला. मूर्ती एकदा बुडवली, वर काढली. दुसऱ्यांदा बुडवली, वर काढली. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा त्याचे पाय सुटले. मला दिसलं ते एवढंच की त्याचं डोकं जिथे असायला हवं होतं तिथून दहा हात पुढे आहे. मग वीस. तो किनाऱ्याकडे तोंड करून सरळ पोहत होता, एकाच हाताने, कारण दुसऱ्या हातात गणपती होता. तिसरी बुडी राहिली होती ना. पोहत होता आणि मागे मागे जात होता. मग त्याने हात वर केला.

मला ग्लेनचं वाक्य आठवत होतं. शब्दन् शब्द. मी काय केलं, तर मीही हात वर केला. गणपतीला निरोप द्यायला करतात तसा.

फोन माझ्या खिशात होता. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही, पुष्कळदा प्रयत्न केलाय. तो मरावा असं माझ्या मनात नव्हतं. तो परत येऊ नये असं होतं. ही दोन वाक्यं वेगळी आहेत असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. तेव्हा मात्र डोक्यात वाक्यंच नव्हती, फक्त एक भलतीच शांतता होती, आणि तिच्यात मला ऐकू येत होतं की आज संध्याकाळी फोन येईल आणि बाबा म्हणतील, दे जरा अनिकेतला. मग मागून एक बाई कुत्र्यासह धावत आली आणि ओरडली, "फोन केलास का? ट्रिपल झीरो, नाऊ." मी फोन काढला. आणीबाणीचा तो नंबर लागेपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं. खडकांपलीकडे एक सर्फर होता, तिने त्याला हाका मारल्या, आणि त्याने बोर्ड वळवला.

हॉस्पिटलमध्ये अनिकेत पांढऱ्या ब्लँकेटमध्ये होता, ओठ निळे, डोळे लाल. मला बघून म्हणाला, "दादा, तिसऱ्यांदा राहिलं. हातातून सुटला." आणि पुढे म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, फोन वेळेवर आला म्हणून वाचलो. तू होतास म्हणून." मग नजर चुकवत, "बाबांना सांगू नकोस हं. आणि काकांनाही नको."

मी नाही सांगितलं. त्यानेही माझं काही सांगितलं नाही, कधीच. पुढच्या रविवारी मीच बाबांना सगळं सांगून टाकलं, नापास झाल्याचं, पत्राचं. ते म्हणाले, "मग आता काय करायचं ठरवलंयस?" एवढंच. रागावले नाहीत. मी फोन ठेवला. ज्याच्यासाठी मी एका मुलाला पाण्यात पाठवलं ते एवढंसं होतं. मग महिन्याभरात दुसरीकडे खोली बघितली. अनिकेतला सांगितलं, काम लांब पडतं. तो मला बस स्टॉपवर सोडायला आला, माझी बॅग त्यानेच उचलली होती.

तेव्हापासून, म्हणजे वीसच्या वर वर्षं झाली, तो मला वाचवणारा म्हणतो. स्वतःच्या लग्नात स्टेजवर बोलावून म्हणाला. बाबा गेले तेव्हा फोनवर म्हणाला. आता तो मेलबर्नला टार्निटमध्ये राहतो, त्याची मुलगी ईशा चौदा वर्षांची आहे, आणि दर गणपतीला व्हिडिओ कॉल येतो. तिकडून तो म्हणतो, "ईशा, से थँक यू टू काका," आणि ती म्हणते, "थँक्स फॉर सेव्हिंग बाबा, काका." गेल्या वर्षी तिने ते म्हटलं आणि मी फोनचा कॅमेरा हाताने झाकला. बायकोला वाटलं, नेटवर्क गेलं.

या एप्रिलमध्ये मी तिकीट काढून टार्निटला गेलो. स्टेशनवर तो घ्यायला आला, वाटेत नवीन घरं दाखवत राहिला, हे गुजराती, हे पंजाबी, हे आपले कोल्हापूरचे. घरी पोचलो, गॅरेजचं शटर मागे खाली आलं, त्याने इंजिन बंद केलं. तो दार उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "अनिकेत, बस जरा." आणि सांगितलं. ग्लेनपासून सांगितलं. राजांचंही सांगितलं, मग वाटलं ते सांगायला नको होतं, ते सबब दिल्यासारखं झालं. गॅरेजचा दिवा आपोआप विझणारा होता, तो मध्येच विझला. त्याने हात हलवून परत लावला.

"बोट दाखवलंस तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि ती बाई आली नसती तर? फोन केला असतास?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय, दादा?"

"म्हणजे नसता केला. मला असंच वाटतं."

दिवा पुन्हा विझला. या वेळी त्याने हात हलवला नाही. घरातून फोडणीचा वास येत होता, त्याची बायको मीनल कोणाशी तरी फोनवर हसत होती. तो म्हणाला, "ईशाने शाळेत तुझ्यावर लिहिलं होतं. वर्गात वाचून दाखवलं." आणि मग, अगदी सपाट आवाजात, "तिला तू सांग. आत्ता जा."

"अरे, ती चौदा वर्षांची आहे."

"मी अठराचा होतो."

मी दार उघडलं. उतरलो.  "तू येतोस ना?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर समोरच्या भिंतीवर. "मी बसतो इथेच."

गॅरेजमधलं दार थेट जेवणाच्या टेबलापाशी उघडत होतं. ईशा लॅपटॉप उघडून बसली होती, कानाला हेडफोन. मला बघून तिने हात केला. "हाय काका. व्हेअर्स बाबा?"

"गाडीत आहे," मी म्हणालो. "ईशा, मला तुझ्याशी बोलायचंय."

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दुसऱ्याही कानावरून सरकवला.